शिकागोची जोडचित्रे आणि चौकटीबाहेरचे सभागृह

रायपूरला विमानाने येणारा माणूस स्वामी विवेकानंदांच्या नावाच्या विमानतळावर उतरतो. शहरातल्या बुढा तलावालाही त्यांचंच नाव दिलेलं आहे. 1877 साली चौदा वर्षांचे नरेंद्रनाथ दत्त वडिलांच्या कामामुळे इथे आले आणि सुमारे दोन वर्षं बुढापारा भागात राहिले. तेव्हा रायपूरपर्यंत रेल्वे नव्हती, शेवटचा लांबचा टप्पा बैलगाडीचा होता. सोळा वर्षांनी हेच नरेंद्रनाथ शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या सर्वधर्मपरिषदेत बोलायला उभे राहिले.

म्हणून रायपूरच्या माणसाने जागतिक प्रदर्शनांची जुनी स्टिरिओव्ह्यू कार्डं जमवायची ठरवली, की त्याचा हात आधी शिकागोकडे जातो. माझाही तिकडेच गेला. आज त्या कार्डांत काय दिसतं आणि काय दिसत नाही, ते पाहू.

स्टिरिओव्ह्यू म्हणजे जोडचित्र. आपल्या दोन डोळ्यांत साधारण साडेसहा सेंटिमीटर अंतर असतं, त्यामुळे प्रत्येक डोळ्याला समोरचं दृश्य थोडं वेगळं दिसतं. मेंदू ही दोन दृश्यं एकत्र करतो आणि आपल्याला खोली जाणवते. दोन भिंगांच्या कॅमेऱ्याने अशीच दोन छायाचित्रं घ्यायची, साधारण सात इंच लांब आणि साडेतीन इंच रुंद पुठ्ठ्यावर शेजारी शेजारी चिकटवायची आणि स्टिरिओस्कोपमधून पाहायची. सपाट कागदावर खांब पुढे येतात, कमानी मागे सरतात.

या खेळण्याचं नशीब जागतिक प्रदर्शनानेच उघडलं. 1851 साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये ब्रूस्टर यांच्या पद्धतीचा भिंगांचा स्टिरिओस्कोप मांडला होता. राणी व्हिक्टोरियाला तो आवडला आणि युरोपभर त्याची मागणी वाढली. पुढे प्रत्येक मोठ्या प्रदर्शनाची कार्डं निघू लागली. ज्यांना प्रवास परवडत नव्हता, त्यांनी जग असं घरबसल्या पाहिलं.

1893 पर्यंत हा मोठा धंदा झाला होता. शिकागोच्या प्रदर्शनाची जोडचित्रं काढण्याचा हक्क न्यू हॅम्पशायरमधल्या लिटलटन गावच्या बी. डब्ल्यू. किलबर्न यांना मिळाला. इतरांवर बंधनं होती. हातातला छोटा कॅमेरा आत न्यायचा तर दिवसाला दोन डॉलर भरावे लागत, आणि तिकाठीला तर बंदीच होती. प्रवेशाचं तिकीट पन्नास सेंट होतं. म्हणजे कॅमेऱ्याचं शुल्क चार माणसांच्या तिकिटांएवढं.

किलबर्नच्या कार्डांत काय आहे? जॅक्सन पार्कमधली पांढरीशुभ्र नगरी, तिचे तलाव आणि पुतळे. 264 फूट उंचीचं फेरिस व्हील, त्याचे 36 डबे, प्रत्येकात साठ माणसांची जागा. त्या भव्य इमारती बहुतेक प्लास्टर आणि तंतूंच्या मिश्रणाने मढवलेल्या, काही महिन्यांपुरत्या उभ्या केलेल्या होत्या. 1894 च्या आगीत त्यांतल्या मुख्य इमारती जळाल्या. आज त्यांची खोली अनुभवायची तर ही कार्डंच हाताशी आहेत.

पण सर्वधर्मपरिषद त्या पांढऱ्या नगरीत भरलीच नव्हती. ती 11 ते 27 सप्टेंबर या काळात जॅक्सन पार्कपासून सुमारे दहा किलोमीटर उत्तरेला, शहराच्या मध्यभागी, मिशिगन अव्हेन्यूवरच्या इमारतीत झाली. तीच आजची आर्ट इन्स्टिट्यूट. विवेकानंद तिथे बोलले. मुंबईचे बी. बी. नगरकरही तिथेच बोलले. फेटा बांधून हाताची घडी घातलेली विवेकानंदांची प्रसिद्ध मुद्रा शिकागोतल्या थॉमस हॅरिसन यांच्या स्टुडिओतली आहे. ते साधं एकेरी छायाचित्र आहे.

हे एवढं ठाऊक असलं की संग्राहकाचे पैसे वाचतात आणि इतिहासही वाचतो. ‘विवेकानंदांच्या परिषदेचा मंडप’ म्हणून पांढऱ्या घुमटाचं कार्ड कोणी दाखवलं, तर आधी खालची छापील ओळ वाचा. किलबर्नच्या कार्डावर क्रमांक, दृश्याचं नाव आणि हक्काचं वर्ष सापडतं. कडेला बहुधा जेम्स एम. डेव्हिस या विक्रेत्याचं नाव असतं. जॅक्सन पार्कची इमारत असेल तर तो परिषदेचा मंडप नव्हे.

दुसरी परीक्षा पट्टीची. समोरचा दिव्याचा खांब आणि मागची खिडकी यांतलं अंतर दोन्ही चित्रांत मोजा. खऱ्या जोडचित्रात ते थोडं वेगळं येतं. अगदी सारखंच आलं, तर एकच छायाचित्र दोनदा चिकटवलं आहे. भिंगातून कितीही पाहा, ते सपाटच राहील.

तिसरी परीक्षा भिंगाची. छायाचित्रात करड्या छटा सलग असतात, छापील प्रतीत ठिपके दिसतात. मात्र ठिपके दिसले म्हणून लगेच नकली म्हणू नका. 1904 च्या सेंट लुईस प्रदर्शनाची स्वस्त रंगीत कार्डं त्या काळीच छापून विकली जात होती.

मंडळी, चुकीची ओळ लिहिलेलं कार्ड फक्त एका संग्राहकाला फसवत नाही. ते शाळेच्या भिंतीवर जातं, स्मरणिकेत छापलं जातं आणि दहा वर्षांनी पुरावा म्हणून पुढे येतं. तेव्हा पोरांना वाटतं, विवेकानंद त्या प्लास्टरच्या घुमटाखाली बोलले.

या कार्डांनी फेरिस व्हीलच्या प्रत्येक डब्याची खोली जपली, कारण ती विकली जात होती. बुढापाऱ्यात दोन वर्षं काढलेला तरुण ज्या सभागृहात उभा राहिला, ते या धंद्याच्या कुंपणाबाहेर होतं. संग्रहात ही रिकामी जागा रिकामीच दिसू द्यावी, असं माझं मत आहे. माझ्या पेटीत शिकागोच्या कार्डांमागे मी एक कोरा पुठ्ठा ठेवला आहे. त्यावर फक्त पत्ता आणि तारीख आहे: मिशिगन अव्हेन्यू, 11 सप्टेंबर 1893.

तुमच्या घरी जुनी जोडचित्रं असतील, तर आधी त्यांच्या कडा वाचा. भेटू पुढच्या भागात.