दमा आहे आणि हिवाळ्यात नरनाळ्याला जायचंय? मोबाईलमध्ये आधी या गोष्टी करून घ्या



मी अकोटचा. लहानपणापासून दमा आहे. मागच्या हिवाळ्यात मित्रांसोबत नरनाळा किल्ल्यावर गेलो होतो. चढावर छाती आवळल्यासारखी झाली. मनगटावरच्या स्मार्टवॉचमध्ये ऑक्सिजन ९७ दिसत होता, म्हणून मी चालतच राहिलो. दहा मिनिटांत एक वाक्यही पूर्ण बोलता येईना, आणि इनहेलर खाली गाडीच्या डिक्कीत! मित्र धावत जाऊन घेऊन आला म्हणून निभावलं. त्या दिवशी मी काय चुकलो, तेच आज सांगतो.

चढावर दम का लागतो?

अकोट समुद्रसपाटीपासून साधारण ३०० मीटरवर आहे, तर सातपुड्यातला नरनाळा ९०० मीटरच्या पुढे. एवढ्या फरकाने हवेचा दाब जेमतेम सात-आठ टक्के कमी होतो. म्हणजे उंची हे खरं कारण नाही. खरं कारण थंड, कोरडी हवा. चढताना आपण तोंडाने भराभर श्वास घेतो, ती हवा नाकात गरम न होता थेट आत जाते आणि श्वासनलिका आकसतात. त्यात आपल्याकडे थंडीत पऱ्हाटीचा धूर आणि तूर काढणीची धूळ. पहाटे थंड हवा खाली बसलेली असते, त्यामुळे धूरही खालीच कोंडून राहतो. म्हणून ऊन वर आल्यावर निघा आणि नाका-तोंडाला रुमाल बांधा.

घड्याळातला ऑक्सिजन किती खरा?

घड्याळ त्वचेवर प्रकाश टाकतं आणि परत आलेल्या प्रकाशावरून रक्तातल्या ऑक्सिजनचा अंदाज बांधतं. हात गार असेल, हलत असेल किंवा पट्टा सैल असेल तर आकडा चुकतो. गडद त्वचेवर तो खऱ्यापेक्षा जास्तही दिसू शकतो.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे, दम्यात श्वासनलिका आकसल्या तरी सुरुवातीला ऑक्सिजन नॉर्मलच दिसू शकतो. तो घसरेपर्यंत त्रास बराच वाढलेला असतो. मी इथेच फसलो.

मग भरवसा कशावर ठेवायचा? दोन गोष्टींवर:

- बोलून बघा: चालताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. दोन-दोन शब्दांवर थांबावं लागत असेल तर तिथेच बसा.
- पीक फ्लो मीटर: जोराने फुंकायचं हे साधं, बिनबॅटरीचं यंत्र आहे. तुमच्या सर्वोत्तम आकड्याच्या ८० टक्क्यांच्या वर असाल तर ठीक, ५० ते ८० असेल तर फिरणं रद्द, ५० च्या खाली असेल तर लगेच उपचार. रोजचा आकडा मोबाईलच्या नोट्समध्ये लिहून ठेवा.

निघण्याआधी मोबाईलमध्ये हे करा

१. हवा तपासा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं 'समीर' ॲप हवेचा निर्देशांक दाखवतं. आकडा जवळच्या केंद्राचा असतो, तुमच्या वाटेवरचा नाही, हे लक्षात ठेवा.

२. नकाशा ऑफलाइन घ्या. गूगल मॅप्समध्ये प्रोफाइल फोटोवर टॅप करून 'ऑफलाइन नकाशे' निवडा. जंगलात नेटवर्क जातं, पण जीपीएस उपग्रहावर चालतं, त्याला नेट लागत नाही.

३. लॉक स्क्रीनवर आरोग्याची माहिती टाका. अँड्रॉइडमध्ये सेटिंग्जमधील 'सुरक्षितता आणि आणीबाणी', आयफोनमध्ये हेल्थ ॲपमधील 'मेडिकल आयडी'. दमा, औषधाचं नाव, घरचा नंबर भरा. तुम्हाला बोलता आलं नाही तरी फोन बोलेल.

४. बॅटरी वाचवा. नेटवर्क शोधत राहिल्याने चार्ज भराभर उतरतो. रेंज नसेल तिथे एअरप्लेन मोड लावा. त्यातही जीपीएस चालू ठेवता येतं.

५. लोकेशन आधीच पाठवा. लाइव्ह लोकेशन नेटवर्कशिवाय पुढे सरकत नाही. म्हणून शहानूरला पोचल्यावरच "इतक्या वाजेपर्यंत फोन आला नाही तर चौकशी करा" असा मेसेज घरी टाका.

वाटेवर

नरनाळा मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या भागात येतो. त्यामुळे शहानूरच्या गेटवर वनविभागाकडे नोंद करा आणि पायी कुठवर जाता येईल ते तिथेच विचारा. सुरुवातीची दहा मिनिटं मुद्दाम हळू चाला. इनहेलर बॅगेत नाही, खिशात ठेवा. त्यात किती डोस उरलेत तेही बघा. चालण्याआधी पफ घ्यायचा का, हे डॉक्टरांनाच विचारून ठेवा.

त्रास झालाच तर ताठ बसा, आडवं होऊ नका. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे इनहेलर घ्या. आराम पडत नसेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा बोलता येत नसेल तर थांबू नका, १०८ ला किंवा ११२ ला फोन लावा. रेंज नसेल तर एकाने सोबत थांबायचं, दुसऱ्याने गेटकडे जायचं. म्हणून एकटं जाऊच नका.

यंदा मी परत गेलो. इनहेलर शर्टाच्या खिशात होता. अर्ध्या चढावर दम लागला तसा मित्र म्हणाला, "बस ना बाप्पा, किल्ला काई पयून नाई चालला." बसलो, घोटभर पाणी प्यालो. शक्कर तलाव पाहिला आणि शेवटचा टप्पा सोडून खाली आलो. घड्याळात पावलं कमी भरली, पण घरी मात्र हसत गेलो.