बोंडातली भिंत

श्रोतेहो, यवतमाळहून वर्ध्याकडे निघालात की वाटेत कळंब लागते. चिंतामणीच्या दर्शनासाठी पायऱ्या उतरून तुम्ही कधी खाली गेला असाल, तर गावाभोवतीची काळी जमीन आणि तिच्यावरची पऱ्हाटीही पाहिली असेलच. त्या पऱ्हाटीच्या बोंडात एक भिंत बांधली जाते. ती माणसाला कशी उमगली, त्याची ही हकीकत.

1665 साली लंडनच्या रॉबर्ट हूकने बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला. त्याला मधाच्या पोळ्यासारखी बारीक बारीक घरे दिसली. त्यांना त्याने ‘सेल’ म्हणजे खोली म्हटले. आपण पेशी म्हणतो. गंमत अशी, की हूकला दिसल्या त्या नुसत्या भिंती. आत राहणारा केव्हाच निघून गेला होता! पुढे 1838 साली फ्रान्सच्या अँसेल्म पायेन या रसायनशास्त्रज्ञाने दाखवून दिले, की निरनिराळ्या वनस्पतींच्या भिंतींत मुख्य पदार्थ एकच असतो. त्याला सेल्युलोज नाव पडले. आपल्या सुक्या रुईत शंभरात नव्वदांहून अधिक भाग हाच असतो.

आता बोंड फोडून बघा. सरकीच्या सालीवरची एकच पेशी लांबत जाते, तोच कापसाचा तंतू. रुंदीच्या हजारपटीहून लांब, पण पेशी एकच. फूल उमलल्यावर सुमारे तीन आठवडे ती लांबते. आतल्या पाण्याचा दाब पातळ भिंतीला ताणत राहतो. मग लांबी थांबत येते आणि आतून गिलावा सुरू होतो, थरावर थर, काही आठवडे. लॉरेन्स बॉल्स याने 1919 साली तंतू फुगवून पाहिले, तेव्हा कांद्याच्या पाकळ्यांसारखी वलये दिसली, साधारण दिवसाला एक. बोंडाने रोजकीर्दच लिहिली होती म्हणा ना! बोंड फुटले की आतले पाणी सुकते, नळी चपटी होते आणि तिला पीळ पडतात. त्या पिळांमुळेच सुतात तंतू एकमेकांना धरून राहतात.

इथे आपल्या वऱ्हाडची गोष्ट येते. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी माजली, तिथला कापूस अडला आणि विलायतच्या गिरण्या इकडे धावल्या. अमरावतीवरून आपल्या कापसाला तिकडच्या बाजारात ‘ऊमरा’ म्हणू लागले. आखूड आहे, घाणेरडा आहे, अशी ओरडही झाली. घाण मिसळली जाई हे खरेच, आणि धागाही आखूड होता. पण देशी तंतूची भिंत चांगली जाड. माझ्या मते ‘वाईट’ याचा पुष्कळसा अर्थ ‘आमच्या यंत्रांना न जुळणारा’ एवढाच होता. आपल्या बायाबापड्या त्याच रुईचे सूत पिढ्यान्‌पिढ्या काढीत होत्या.

पुढे 1924 साली मुंबईत माटुंग्याला कापसाची प्रयोगशाळा निघाली. तिथे गुलाटी आणि नझीर अहमद यांनी 1935 साली तंतूची पक्वता, म्हणजे भिंतीची भरती, आणि सूत यांचा संबंध तपासून मांडला. शेतकऱ्याच्या दृष्टीने ही गोष्ट मोठी. गिलाव्याच्या दिवसांत पावसाने ओढ दिली, हलक्या रानात झाड सुकले, बोंडअळी शिरली, की लांबी पुरी पण भिंत अपुरी. तीच आपली कवडी. असा तंतू जिनमध्ये तुटतो, गाठी धरतो, रंग फिका घेतो. आज सरकारी हमीभावात धाग्याच्या लांबीबरोबर हवेने मोजलेला मायक्रोनेअरचा आकडाही धरतात. भाव कापला जातो, त्यात भिंतीचाही वाटा असतो.

भिंत केवळ झाडालाच नसते. जंतूंनाही असते, मात्र वेगळ्या पदार्थाची. आपल्या शरीरातल्या पेशींना मुळीच नाही. पेनिसिलिन नेमके जंतूंच्या भिंतीचे बांधकाम मोडते, म्हणून जंतू फुटतात आणि रोगी वाचतो. हे औषध तयार करण्याचा सरकारी कारखाना 1954 साली पुण्याजवळ पिंपरीला उभा राहिला. आणि कडबा? त्यातले सेल्युलोज आपल्याला पचत नाही. बैलाच्या पोटातले जंतू ते पचवून देतात.

शिक्षकबंधूंनो, शाळेत सूक्ष्मदर्शक असेल तर वेचणीच्या दिवसांत मुलांना एक पिकला तंतू आणि एक कवडीचा तंतू शेजारी शेजारी ठेवून दाखवा. पिकल्याला पीळ दिसतील. कवडीचा सपाट फितीसारखा पडून राहील. कुठला कोणत्या वावरातला, ते मुले स्वतःच सांगतील.