कागद सोडणारं ट्रम्पेट

सन 1950. गोंडपिपरी अजून मध्य प्रदेशात, चांदा जिल्ह्यात. तुम्ही बल्लारशाला आगगाडी धरता, वर्ध्याला बदलता आणि मुंबईत एका स्टुडिओच्या कोपऱ्यात अंग चोरून उभे राहता. कान गोंडी रेला नाचाच्या ढोलावर वाढलेले, त्यामुळे ड्रम्स सुरू होताच पाय आपोआप हलतो.

पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र, भगवानदादांच्या ‘अलबेला’ सिनेमाचं गाणं बसवताहेत. गायक आणि सगळे वादक एकदमच; कुणाची एक फुंक चुकली की पुन्हा पहिल्यापासून. त्या ट्रम्पेटवाल्याकडे बघा. गोव्यातल्या आल्दोन्याचा अँतोनियो झेवियर वाझ. मुंबई त्याला चिक चॉकलेट म्हणते, आपला लुई आर्मस्ट्राँगही म्हणते. समोर स्वरलिपीचा कागद. गोव्यात चर्चच्या शाळांनी पोरांना हा कागद वाचायला शिकवलं, म्हणून त्यांच्याविना इथलं पान हलत नाही. पुढच्या वर्षी ‘अलबेला’ लागेल तेव्हा चिक ताफ्यासह पडद्यावरही दिसेल. पण तबकडीवर वादकांची नावं छापायची रीत नाही. देशभर ज्याचे सूर घुमतील त्याचं नाव कुणी विचारणार नाही, हे मला फार सलतं.

आता पंधरा वर्षं मागे चला. 1935, मुंबईचं ताजमहाल हॉटेल. लिऑन ॲबी अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय वादकांचा जॅझ ताफा घेऊन आलाय. पाठोपाठ ट्रम्पेटवाला क्रिकेट स्मिथ येतो, पियानोवर टेडी वेदरफोर्ड. फ्रँक फर्नांडसारखे गोव्याचे तरुण त्यांच्या शेजारी बसून वाजवू लागतात. छापील स्वर त्यांना येतच होते; या पाहुण्यांकडून ते कागद सोडायला शिकले. जॅझचा जीव तिथेच आहे.

परत 1950. दारूबंदी आलीय, हॉटेलांची गिऱ्हाइकी ओसरतेय, वादक पोटासाठी स्टुडिओकडे वळताहेत. तरी रात्री एका हॉटेलात चिक वाजवतोय; चला आत. चाल एकदा सरळ वाजवतो. मग डोळे मिटतो आणि तिला सोडून भलतीकडेच निघतो. वर चढतो, अडखळल्यासारखं करून सुरावर नेमका उतरतो. सॅक्सोफोनवाला त्याची शेवटची तान उचलून आपल्या वाटेनं नेतो. ठेका कुणी सोडत नाही. उद्या हीच चाल वेगळी वाजेल, आजची पुन्हा मिळायची नाही.

सॅक्सोफोनवाल्याचा फेरा संपला. टाळ्या वाजवा, गाणं संपायची वाट बघू नका. इथे मध्येच वाजवतात.