बाळगोळी आणि २४ रुपये ८ आणे

१९२१ साली मुंबई शहरात जन्मलेल्या दर हजार मुलांमागे ६६६ हून अधिक मुले वर्षाच्या आत दगावली, असा आकडा त्या काळच्या सरकारी कागदपत्रांत आहे. गिरणगावावरच्या लेखनात तो पुन्हा पुन्हा येतो आणि वाचणारा सुन्न होतो. माझ्यासारख्या कारकुनाला, ज्याचे अर्धे आयुष्य रजिस्टरांच्या सहवासात गेले आहे, आधी वेगळाच प्रश्न पडतो. मेलेली मुले एका वहीतून मोजली आणि जन्मलेली दुसऱ्या वहीतून, तर या दोन वह्यांत मुले तीच होती का?

नव्हती. गिरणीत काम करणाऱ्या बायका मुख्यतः रत्नागिरी, सातारा, पुणे अशा जिल्ह्यांतून आलेल्या. दिवस भरत आले की त्यांतल्या कितीतरी जणी आगबोटीने किंवा गाडीने गावी जात. मूल जन्मे गावात, नोंदलेच तर पाटलाच्या दप्तरात. दोनतीन महिन्यांनी आई त्याला घेऊन परळ-भायखळ्याच्या चाळीत परते आणि तिथे ते मेले तर मृत्यू मात्र मुंबईच्या खात्यावर पडे. त्यामुळे प्रमाण फुगे. त्या काळच्या अधिकाऱ्यांनाही हे ठाऊक होते आणि तसे त्यांनी लिहूनही ठेवले आहे. एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबांत हजारी ८२८ आणि चार किंवा अधिक खोल्यांच्या घरांत १३३, हा प्रसिद्ध तक्ताही याच चष्म्यातून वाचायला हवा, कारण गावी जाणाऱ्या बायका बहुतेक त्या एकाच खोलीतल्या.

मग आकडा खोटा म्हणून सोडून द्यायचा का? मला तसे वाटत नाही. फुगवटा काढून टाकला तरी दोन्ही घरांतली दरी बुजणारी नव्हती. शिवाय बाई गावी का जात होती, हे या फुगवट्यातच दडलेले आहे. आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी करायची रीत. पेज, डिंकाचे लाडू, शेकशेगडी आणि मुख्य म्हणजे पडून राहण्याची मुभा. कायद्याने रजा मिळण्याआधीची हीच बायकांची रजा, अर्थात बिनपगारी. जिला गावी कोणी उरले नव्हते, किंवा घरभाडे आणि सावकाराचे व्याज थांबवता येत नव्हते, तिला तीही नव्हती.

अशा बायकांची पाहणी डॉ. बार्न्स या डॉक्टरीणबाईंनी मुंबईच्या मजूर कचेरीसाठी केली. वर्ष १९२२. १९१९ च्या वॉशिंग्टनच्या आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेत बाळंतपणाच्या रजेचा ठराव झाला होता, त्याचा हा पाठपुरावा. वाइंडिंग-रीलिंग खात्यात बायका अगदी दिवस भरेपर्यंत उभ्या राहून काम करत, कारण मजुरी कामावर. जागा जाऊ नये म्हणून नाईकिणीची मर्जी राखावी लागे. बाळंत होऊन काही आठवड्यांत पुन्हा साच्यासमोर. तान्हे मूल खोलीत, एखाद्या म्हातारीच्या किंवा सहा-सात वर्षांच्या बहिणीच्या हवाली. आणि जवळजवळ प्रत्येक मुलाला अफूची बाळगोळी.

या गोळीवर तेव्हाच्या शहाण्या लोकांनी अडाणी आयांना भरपूर उपदेश केला. मला तो उपदेश वाचवत नाही. भुकेल्या मुलाला रडणे एवढेच येते आणि गोळी तेवढे काढून घेते. मूल गुंगीत पडून राहते, अंगावर पिणे चुकते, ते हळूहळू वाळत जाते आणि घरात शांतता असते. आईला दूध नव्हते असेही नाही. हाडाची काडी झालेल्या बाईलाही सहसा मुलापुरते दूध येते. पण ते गिरणीत होते आणि मूल चाळीत. त्याआधीही एक उपासमार झालेली असे. गरोदरपणी रक्त कमी, पोटाला कमी आणि कष्ट दुप्पट, त्यामुळे मूल जन्मतःच वजनाला हलके. आज अडीच किलोच्या आतल्या मुलाला आपण कमी वजनाचे म्हणतो. त्या खोल्यांत तराजू घेऊन कोण जाणार होते?

कुलाबा जिल्ह्यातले कामगार पुढारी ना. म. जोशी यांनी १९२४ साली मध्यवर्ती कायदेमंडळात प्रसूतिभत्त्याचे बिल आणले. पुढच्या वर्षी ते फेटाळले गेले. मुंबई कौन्सिलात तसे बिल आले तेव्हा जुलै १९२८ मध्ये डॉ. आंबेडकर त्याच्या बाजूने बोलले. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे देशाच्या हिताचे आहे, तिच्या श्रमाचा फायदा घेणाऱ्या मालकाने काही भार उचलावा आणि सरकारनेही उचलावा, असे त्यांचे म्हणणे होते. १९२९ मध्ये कायदा झाला. सात आठवडे, दिवसाला ८ आणे. मी हिशेब करून पाहिला, ४९ दिवसांचे २४ रुपये ८ आणे होतात. रक्कम लहान, पण बाळंतीण घरी बसली म्हणून तिला पैसे देण्याचा कायदा हिंदुस्थानात त्याआधी नव्हता.

मालकांनी पैसे दिले, पण पुढच्या दशकांत गिरण्यांतल्या बायकांचे प्रमाण घसरतच गेले. दोष एकट्या कायद्याचा नव्हे. यंत्रांची फेररचना होती, रात्रपाळीची बंदी होती. पण भत्ता द्यावा लागेल अशी बाई न ठेवलेलीच बरी, हा हिशेबही त्यात होताच. गिरणीतून सुटलेली बाई मग भांडी घासायला, विड्या वळायला, पाट्या उचलायला गेली. तिथे ८ आणेही नव्हते.

१९६१ च्या केंद्रीय कायद्याने १२ आठवडे दिले, २०१७ च्या दुरुस्तीने २६. आमच्या कचेरीतल्या बाईंना पगारी रजा मिळते आणि मिळायलाच हवी. त्यांच्या घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईला पहिल्या मुलासाठी केंद्राच्या मातृवंदना योजनेतून ५,००० रुपये मिळतात, तेही हप्त्यांनी आणि कागदपत्रे जुळली तर. आपला गोवा सुधारलेला म्हणून आपण मिरवतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २०१५-१६ साली गोव्यातली पाच वर्षांखालची खुंटलेली मुले शेकडा २०.१ होती, २०१९-२१ च्या पाहणीत ती २५.८ झाली. त्याच दुसऱ्या पाहणीत देशभरातल्या गरोदर बायकांपैकी निम्म्याहून अधिक जणींना रक्तक्षय होता. हे दोन आकडे अहवालात वेगवेगळ्या पानांवर छापलेले असतात.