समाजमाध्यमे आणि बोलीचा अभ्यासक

बोलीच्या अभ्यासकाने समाजमाध्यमांचा उपयोग कसा करावा, हा प्रश्न नवा भासतो. वस्तुतः लोकांकडून भाषेची सामग्री कोणत्या वाटेने मिळवावी, या जुन्या प्रश्नाचेच ते ताजे रूप होय. आणि वाट बदलली की सामग्रीही बदलते.

ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ साली प्रसिद्ध झाला. त्यातील नमुने मुख्यतः सरकारी अधिकाऱ्यांमार्फत जमविलेले. बायबलातील उधळ्या पुत्राची कथा बोलीत उतरवून द्यावयाची, ठरावीक शब्द व वाक्ये भरून द्यावयाची, अशी ती रीत होती. विस्ताराच्या दृष्टीने हे कार्य अजोडच. परंतु बोली उतरविणारा साक्षर, आणि मजकूर अनुवादाचा. अनुवाद करताना मनुष्य आपल्या घरच्यासारखा क्वचितच बोलतो.

दुसरी वाट गंपर्झ व विल्सन यांची. सांगलीजवळील कुपवाड येथे मराठी, कन्नड, उर्दू व तेलुगू एकत्र नांदतात. शब्द निरनिराळे राहूनही तेथील भाषांची वाक्यरचना परस्परांच्या किती निकट आली आहे, हे त्यांनी १९७१ साली दाखविले. सोनल कुलकर्णी-जोशी यांनी २०१६ साली त्या निष्कर्षाची फेरतपासणी केली. तथापि मूळ निबंध केंब्रिजच्या इंग्रजी ग्रंथात आला. ज्यांचे बोलणे त्यात तपासले गेले, त्यांच्यापर्यंत तो पोहोचण्याचा संभव थोडाच.

आज अशा अभ्यासास कागल पंचतारांकित एमआयडीसीइतके अनुकूल क्षेत्र विरळा. कागल व हातकणंगले तालुक्यांत ती पसरली आहे, आणि कर्नाटकाची सीमा लगतच आहे. येथील कामगारांपर्यंत पोहोचण्यास आता व्हॉट्सॲप पुरते. मात्र 'तुमच्या बोलीचे वैशिष्ट्य काय?' असे विचारले, तर म्हणी आणि विनोदच येतील. 'यंत्र बंद पडले तर शेजारच्यास काय म्हणता?' असे विचारावे. उत्तर लेखी नव्हे, बोलून मागावे. 'काय करालायस?' म्हणणारा कोल्हापूरकर लिहिताना पुष्कळदा 'काय करतोयस?' लिहितो, क्रियापदाचे जे रूप आपणांस हवे, नेमके तेच लेखनात गळते. पदव्युत्तर विद्यार्थ्यांस असा एकच प्रश्न नेमून दिला, तरी एका सत्राचे काम होईल.

एक मर्यादा मोठी आहे. गटावर बोलणारे थोडे, आणि कंत्राटी कामावरील स्त्रिया त्यांत बहुधा नसतातच. त्यांच्यासाठी प्रत्यक्ष गेलेच पाहिजे. शिवाय गटातील संभाषण न विचारता उचलणे ही, प्रस्तुत लेखकाच्या मते, सरळ चोरी होय, मग नावे गाळली असोत वा नसोत.

डेक्कन महाविद्यालय आणि राज्य मराठी विकास संस्था यांच्या बोली-सर्वेक्षणाने नकाशे व ध्वनिमुद्रणे सर्वांस खुली केली आहेत. कागलच्या अभ्यासकानेही आपला निष्कर्ष प्रथम त्याच गटावर, मराठीत, दोन मिनिटांच्या ध्वनिसंदेशात सांगावा. 'आमच्यात असं म्हणत न्हाईत' असा आक्षेप आलाच, तर तोही सामग्रीत नोंदवावा, आणि मग निबंध छापावयास पाठवावा.