गाडीच्या नाकातली वायर

ऑनसाइटसाठी मिनियापोलिसला होतो तेव्हाची गोष्ट. जानेवारीतल्या एका वीकांताला टीममधला एक जण मला त्याच्या आईवडिलांच्या शेतावर घेऊन गेला. नॉर्थ डकोटात, ग्रँड फोर्क्सच्याही पुढे. बाहेर उणे २८. (पुण्यात १० अंशाला कानटोपी घालणारा मी!) वाटेत एका मोटेलपाशी थांबलो, तर पार्किंगमध्ये ओळीने उभ्या पिकअप ट्रकांच्या नाकातून, म्हणजे पुढच्या जाळीतून, वायरी लोंबत होत्या आणि त्या खांबांवरच्या सॉकेटमध्ये खोचलेल्या होत्या.

"अरे वा, तुमच्याकडे सगळ्यांनी इलेक्ट्रिक गाड्या घेतल्या की!" मी म्हणालो. पुढची दहा मिनिटं तो नुसता हसत होता. त्या सगळ्या गाड्या डिझेलच्या आणि पेट्रोलच्या होत्या.

ती वायर असते ब्लॉक हीटरची. इतक्या थंडीत इंजिनातलं तेल काकवीसारखं घट्ट होतं आणि स्टार्टरची बॅटरी अर्धमेली होते. म्हणून रात्रभर विजेवर इंजिन कोमट ठेवायचं, तरच सकाळी गाडी सुरू होण्याची आशा.

रात्री जेवताना विषय निघालाच. त्याचे वडील सत्तरीचे. म्हणाले, "इलेक्ट्रिक गाडी शहरात ठीक आहे. इथून हॉस्पिटल ६० किलोमीटरवर. मध्ये बॅटरी संपली तर माणूस गोठून मरेल." यावर काय बोलणार? मी मान डोलावली आणि बटाटे खाल्ले. पण प्रश्न डोक्यात राहिला, आणि पुढचे काही वीकांत मी त्याच्यामागे लागलो. तर हा त्याचा वृत्तांत.

आपल्याला वाटतं इलेक्ट्रिक गाडी ही काल-परवाची गोष्ट आहे. पण १९०० साली अमेरिकेत ज्या ४,१९२ गाड्या बनल्या, त्यांत वाफेच्या १,६८१, विजेच्या १,५७५ आणि पेट्रोलच्या फक्त ९३६ होत्या. पुढे 'डेट्रॉइट इलेक्ट्रिक' नावाची गाडी तर १९०७ पासून १९३९ पर्यंत बनत होती. खुद्द हेन्री फोर्डची बायको क्लारा तीच चालवायची! एडिसननेही खास गाड्यांसाठी निकेल-लोखंडाची बॅटरी बनवली. टिकायला दणकट, पण थंडीत तिचा जीव जायचा.

मग विजेच्या गाड्या मेल्या कशा? ठरलेलं उत्तर असं: फोर्डची मॉडेल टी स्वस्त झाली, १९१२ साली कॅडिलॅकमध्ये केटरिंगचा सेल्फ-स्टार्टर आला आणि हँडल मारायची कटकट गेली, शिवाय पेट्रोल मुबलक झालं. सगळं खरं. पण एक कारण बहुतेक ठिकाणी ओझरतं येतं, ते म्हणजे खेड्यात वीजच नव्हती. १९३० च्या दशकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेतल्या दर दहा शेतांपैकी जेमतेम एकावर वीज पोचली होती. वीज कंपन्यांना चार घरांसाठी मैलभर तार ओढणं परवडत नव्हतं. पेट्रोल मात्र डब्यात भरून कुठेही नेता येतं. त्यामुळे शेतकऱ्यापुढे निवड करायला दुसरा पर्यायच नव्हता.

बरं, पेट्रोलची गाडी तरी थंडीत कुठे चालायची? अँटिफ्रीझ सर्रास मिळू लागण्याआधी उत्तरेकडचे कित्येक लोक हिवाळा आला की रेडिएटरमधलं पाणी काढून टाकायचे, गाडी ठोकळ्यांवर चढवायचे आणि थेट वसंतात उतरवायचे. तोवर घोडा होताच.

आता या गोष्टीतला मला सगळ्यात आवडलेला भाग. १९३५ साली रूझवेल्ट सरकारने ग्रामीण विद्युतीकरणासाठी एक वेगळी यंत्रणाच काढली. तिच्या कर्जावर शेतकऱ्यांनी सहकारी संस्था काढल्या, स्वतः खांब रोवले, तारा ओढल्या. (साखर कारखान्यांच्या प्रदेशातून आलेल्या माणसाला हे लगेच कळतं.) ग्रँड फोर्क्सची मिनकोटा पॉवर को-ऑपरेटिव्ह त्याच लाटेतली, १९४० ची. तिचा व्यवस्थापक होता अँड्र्यू फ्रीमन. आणि ब्लॉक हीटरचा पूर्वज असलेल्या हेडबोल्ट हीटरचं १९४९ चं पेटंट आहे ह्याच माणसाच्या नावावर!

म्हणजे बघा, खेड्यात आधी तार आली. मग ती तार पोचवणाऱ्यांपैकीच एकाने पेट्रोलच्या गाडीला प्लग लावला. त्या पार्किंगमध्ये मी जे पाहून फसलो, ते अगदीच खुळचट नव्हतं तर. :-)

हीच गोष्ट दुसऱ्या टोकाला नॉर्वेत दिसते. नॉर्वेच्या उत्तरेला फिनमार्क नावाचा प्रांत आहे. तिथल्या कारासजोक गावी १८८६ साली उणे ५१.४ अंश नोंदले गेले. तो अजूनही देशाचा विक्रम आहे. त्याच प्रांतातल्या हॅमरफेस्ट गावात हिवाळ्यात दोन महिने सूर्य उगवत नाही. बहुधा म्हणूनच तिथे रस्त्यावर विजेचे दिवे लागले १८९१ साली, युरोपातल्या भल्याभल्या शहरांच्या आधी. डोंगर आणि धबधबे असलेल्या ह्या देशात आजही बहुतेक सगळी वीज पाण्यापासूनच होते.

इलेक्ट्रिक गाडीची नॉर्वेतली सुरुवात मात्र गमतीशीर आहे. १९८९ साली 'आ-हा' ह्या पॉप बँडचे मॉर्टन हार्केट आणि माग्ने फुरुहोल्मेन, आणि पर्यावरणवादी फ्रेडरिक हाउगे, विजेवर चालणारी एक फियाट पांडा घेऊन फिरू लागले आणि टोल भरायचं नाकारू लागले. गाडी जप्त व्हायची, लिलाव व्हायचा, तेच ती परत घ्यायचे. ह्या तमाशाचा परिणाम झाला. १९९० मध्ये आयात कर माफ झाला, १९९७ मध्ये टोल आणि २००१ मध्ये व्हॅट. २०२४ साली तिथे विकल्या गेलेल्या नव्या गाड्यांपैकी जवळपास ८९ टक्के विजेच्या होत्या. यात फिनमार्क मागे राहिलं, हेही सांगायला हवं. अंतरं लांब आणि चार्जर विरळ. म्हणजे तिथेही अडलं ते तारेपाशीच.

मग थंडीचं काय? ती खोटी थोडीच आहे! लिथियम बॅटरी थंड झाली की तिचा अंतर्गत रोध वाढतो, आणि शून्याखाली घाईने चार्ज केली तर आत लिथियमचा थर जमून ती कायमची बिघडू शकते. म्हणून गाडी आधी बॅटरी गरम करते, मग पोटभर वीज घेते. दुसरं, पेट्रोलच्या इंजिनात बरीचशी ऊर्जा उष्णता म्हणून वाया जाते आणि त्याच उधळपट्टीवर गाडीतला हीटर चालतो. इलेक्ट्रिक गाडी काटकसरी, त्यामुळे ऊब बॅटरीतूनच द्यावी लागते. 'ट्रिपल ए' ह्या अमेरिकन संस्थेने २०१९ साली उणे ७ अंशाच्या आसपास मोजलं: हीटर बंद असताना पल्ला १२ टक्के घटला, चालू असताना ४१ टक्के. उणे २८ ला याहून वाईटच धरायचं.

आता त्या आजोबांचं गणित करू. (इंजिनियरला दुसरं येतं काय?) कागदावर ४०० किलोमीटर धावणारी गाडी. कडाक्याच्या थंडीत अर्धी धरा, २००. हॉस्पिटल जाऊन-येऊन १२०. जमतं. पण एकाच अटीवर: गाडी रोज रात्री प्लगला हवी आणि निघताना गरम हवी. ब्लॉक हीटरचं साधं सॉकेट त्याला अपुरं पडेल, पण वेल्डिंगसाठी २४० व्होल्टची लाइन त्यांच्या शेडमध्ये आहेच. जानेवारी २०२४ मध्ये शिकागोत थंडीने चार्जरबाहेर गाड्यांच्या रांगा लागल्या, कित्येक तिथेच बंद पडल्या. ते तर शहर होतं! अडचण होती सार्वजनिक चार्जरवर विसंबणाऱ्यांची. घराशेजारी शेड आणि शेडमध्ये लाइन असलेला शेतकरी त्यांच्यापेक्षा सुखी.

मात्र हिमवादळात दोन दिवस वीज गेली तर? किंवा धान्याने भरलेला ट्रेलर ओढायचा असेल तर? तिथे माझं गणित संपतं आणि आजोबा बरोबर ठरतात. घरात एकच वाहन असेल तर मीही आज त्यांना डिझेलच ठेवा म्हणेन. दुसरं घेणार असतील तर वायर बघा म्हणेन. लोडशेडिंगमध्ये शाळा केलेल्या माझ्यासारख्याला हे आधीच सुचायला हवं होतं: गाडीबद्दल विचारण्याआधी घरातल्या विजेबद्दल विचारावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो तेव्हा आजोबा हातमोजे घालून ट्रकची वायर काढत होते. रोजच्या सवयीने गुंडाळून त्यांनी ती जाळीत खोचली आणि म्हणाले, "विसरलो असतो, तर आज तुमचं जाणं रद्द."

असो. भेटू पुढच्या वीकांताला.