शत्रू-नागरिक ते न्यायमूर्ती

आज एका निर्वासित वकिलाचे चरित्र आपल्यापुढे ठेवावयाचे आहे.

सर मायकेल कर यांचा जन्म १९२१ साली बर्लिनमध्ये एका ज्यू कुटुंबात झाला. वडील आल्फ्रेड कर हे जर्मनीतील अग्रगण्य नाट्यसमीक्षक. नाझींवरही त्यांची लेखणी कठोरपणे चाले. १९३३ च्या आरंभी, पारपत्र जप्त होणार अशी सूचना मिळताच त्यांनी देश सोडला. मागोमाग पत्नी व दोन्ही मुलेही निघाली. मे महिन्यात त्यांचे ग्रंथ जाळण्यात आले, ऑगस्टमध्ये नागरिकत्वही गेले. स्वित्झर्लंड, फ्रान्स आणि अखेर लंडन असा हा संसार फिरत राहिला.

मायकेल केंब्रिजमध्ये कायदा शिकू लागले. तोच मे १९४० मध्ये, फ्रान्स कोसळत असता, इंग्रज सरकारने त्यांना ‘शत्रू-नागरिक’ म्हणून स्थानबद्ध केले. ज्या राष्ट्राने झिडकारले, त्याचेच हस्तक म्हणून संशय! असे सुमारे २७,००० लोक धरले गेले. आरोप नाही, खटला नाही. काहींना परदेशी धाडताना २ जुलैला ‘अरांडोरा स्टार’ हे जहाज बुडाले आणि आठशेंहून अधिक माणसे प्राणांस मुकली.

परंतु भर युद्धात, त्याच जुलैत, पार्लमेंटमध्ये सभासदांनी सरकारला जाब विचारला आणि सुटकेची वाट मोकळी झाली. सुटल्यावर मायकेल ब्रिटिश हवाई दलात वैमानिक झाले. १९४८ मध्ये ते बॅरिस्टर झाले आणि व्यापारी दाव्यांत त्यांनी नाव मिळवले. १९६१ मध्ये त्यांना क्वीन्स कौन्सेल हा मान मिळाला. १९७२ मध्ये ते इंग्लंडच्या हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले, १९७८ मध्ये विधि आयोगाचे अध्यक्ष आणि १९८१ मध्ये अपील न्यायालयाचे न्यायमूर्ती. २००२ साली ते निवर्तले.

या चरित्रावरून इंग्रजांच्या न्यायबुद्धीचे गोडवे गाण्याचे कारण नाही. त्याच सरकारने १९४२ मध्ये आपल्या हजारो देशबांधवांना चौकशीवाचून डांबले होते, आणि त्यांच्या वतीने जाब विचारील असे जबाबदार विधिमंडळ आपल्यापाशी नव्हते. दोन्ही ठिकाणी भय सारखेच होते. फरक पडला तो जाब विचारण्याच्या अधिकाराने.

भयाच्या काळात कोणतेही सरकार जन्मालाच पुरावा मानू लागते. अशा वेळी ‘याने केले काय?’ एवढा साधा प्रश्न उघडपणे विचारता आला, म्हणून एक स्थानबद्ध विद्यार्थी पुढे न्यायासनावर बसू शकला. तो प्रश्न विचारण्याची जागा राखणे, हे नागरिकांचे काम आहे.